कोल्हापूरहून गोल्फच्या सहलीला निघताना विमा कसा निवडावा

गोल्फची बॅग घेऊन बाहेरगावी निघणारे कोल्हापूरकर फार नाहीत, पण आहेत. उद्यमनगरातला फौंड्रीवाला, राजारामपुरीतला डॉक्टर, एखादा सीए आणि त्यांचा एक निवृत्त मित्र अशी चौकडी जमते आणि थायलंड, दुबई, बंगळूर, उटी यांपैकी काहीतरी ठरतं. तिकिटं, हॉटेल, कोर्सवरच्या वेळा यांवर महिनाभर फोनाफोनी होते. विमा मात्र तिकिटाच्या पानावर खालच्या चौकोनात टिकमार्क केला की झाला, किंवा व्हिसाचं काम करणारा माणूस फायलीला जोडून देतो तो. पॉलिसी उघडून कुणी बघत नाही.

मी सर्वसाधारण विम्याचं काम करतो, त्यामुळं अशा चौकड्या माझ्याकडं येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "होल-इन-वन कव्हर आहे का?" म्हणजे एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला तर द्याव्या लागणाऱ्या पार्टीचा खर्च. प्रश्न उलट्या टोकानं सुरू होतो, इतकंच माझं म्हणणं. ज्या गोष्टीनं घर बसू शकतं तिचा विमा आधी बघायचा: आजारपण, आणि तुमच्या चेंडूनं दुसऱ्याला झालेली इजा. सेट, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा संच, नंतर. पार्टी सगळ्यात शेवटी. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावलाय.

१. आधी सहल एका कागदावर उतरवा

एजंटला फोन करण्याआधी हे लिहून काढा. कोण कोण जाणार, प्रत्येकाचं वय, कुणाला शुगर, बीपी, स्टेंट, जुना गुडघा. किती दिवस; निघण्याचा आणि परतण्याचा दिवसही धरून. कुठले देश, आणि वाटेत दुसऱ्या देशात थांबणार असाल तर तोही. आगाऊ भरलेले पैसे किती आणि त्यातले परत न मिळणारे किती. सेट स्वतःचा नेणार की तिथं भाड्यानं घेणार. तिथं एखादी स्पर्धा खेळणार का, आणि तिला रोख बक्षीस आहे का.

शेवटच्या दोन प्रश्नांवर लोक हसतात. पण हौशी माणसाचा साधा खेळ बहुतेक पॉलिसींना चालतो, व्यावसायिक खेळ किंवा स्पर्धेतला सहभाग मात्र अनेकींच्या अपवादांत बसतो. क्लबांमधली मैत्रीपूर्ण स्पर्धा त्यात धरली जाते का, हे कंपनीला लेखी विचारून घ्यायचं.

२. देशात की परदेशात

इथं दोन रस्ते फुटतात आणि दोन्हीकडची गरज वेगळी आहे.

पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर, उटीला, बंगळूरला किंवा गुलमर्गला जाणार असाल तर आजारपणासाठी तुमचा नेहमीचा मेडिक्लेम देशभर चालतो. ज्या शहरात जाणार तिथली कॅशलेस रुग्णालयं कुठली, एवढं निघण्याआधी बघून ठेवा आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. वैयक्तिक अपघात विमा, म्हणजे पीए, नसेल तर तो वर्षाचा घ्यावा. सहलीपुरता घेण्यात काही हशील नाही. रेल्वेनं जाणार असाल तर आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा मिळतो. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख, रुग्णालयाच्या खर्चाला दोन लाखांपर्यंत. तो रेल्वे प्रवासातल्या अपघातापुरता आहे, कोर्सवर पाय मुरगळला तर त्याचा उपयोग नाही. तरी ४५ पैशांत नाही म्हणण्यासारखं काय आहे?

परदेशात मात्र तुमचा इथला मेडिक्लेम बहुधा गप्प बसतो. काही महागड्या पॉलिसींत परदेशी उपचार असतात, पण ते नियोजित उपचारांपुरते की अचानक उद्भवलेल्या आजारालाही, हे वाचावं लागतं. म्हणून प्रवास विमा हवाच, आणि तो भारतातून निघण्याआधी घ्यायचा. बँकॉकला उतरल्यावर आठवण झाली तर बहुतेक भारतीय कंपन्या पॉलिसी देत नाहीत.

इंटरनेटवर शोधताना ब्रिटनमधल्या खास गोल्फ-प्रवास पॉलिसी समोर येतील. सेट, भाड्याचे क्लब (काठ्या), ग्रीन फी (कोर्सवर खेळायचं शुल्क), पावसानं कोर्स बंद, सगळं एका ठिकाणी. वाचून जीव हरखतो, पण त्या तिथं राहणाऱ्यांसाठी असतात. आपल्याला इथल्या कंपनीकडून घ्यायचंय आणि दोन-तीन तुकडे जोडून घ्यायचंय.

३. आजारपणाचं कव्हर: इथं कंजूषपणा नको

गोल्फ निवांत खेळ दिसतो, म्हणून विम्याच्या बाबतीत माणूस सैल पडतो. खेळणाऱ्याचं वय बघा. पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी, उन्हात चार-पाच तास चालणार, आदल्या रात्री जागरण, औषधाची वेळ चुकलेली. थायलंडच्या दमट हवेत छातीत दुखायला लागणं ही काही दूरची शक्यता नाही.

वैद्यकीय कव्हर साधारण ५० हजार, १ लाख, अडीच लाख, ५ लाख डॉलर अशा टप्प्यांत मिळतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं, आणि त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही यावा लागतो. ही व्हिसाची अट आहे, पुरेशा रकमेची शिफारस नव्हे. व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा झाला, हा घोळ नेहमीचा. अमेरिकेला जाणार असाल तर अडीच लाखांच्या खाली विचारही करू नये असं माझं मत आहे. थायलंड किंवा दुबईसाठी साठीच्या आतल्या, तब्येत बरी असलेल्या माणसाला एक लाख ठीक वाटतं. दोन टप्प्यांमधल्या प्रीमियमचा फरक बघा, बहुतेक वेळा चांगल्या चेंडूंच्या एका डझनाइतकाही निघत नाही.

रकमेपेक्षा या गोष्टी जास्त बघाव्यात:

पहिली, आधीपासूनचे आजार. शुगर-बीपी जाहीर केलीत तरी बऱ्याच पॉलिसी त्यासंबंधीचा खर्च देत नाहीत, किंवा फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगी आणि ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. ती मर्यादा किती, हा साठीपुढच्या माणसासाठी अख्ख्या पॉलिसीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. आणि लपवू नका. "कशाला लिहायचं, प्रीमियम वाढंल" असं म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी बँकॉकच्या रुग्णालयात तुमच्या शेजारी नसतो. तिथला डॉक्टर केसपेपरवर 'आठ वर्षांपासून मधुमेह' लिहितो आणि प्रपोजल फॉर्मवर 'नाही' असतं, मग कुणाशी भांडणार?

दुसरी, उपमर्यादा. वर एक लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आत खोलीभाडं, शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ या प्रत्येकाला वेगळी टोपी घातलेली असते. ज्येष्ठांच्या योजनांत हे फार. उपमर्यादा नसलेली योजना थोडी महाग मिळते, घ्या.

तिसरी, डिडक्टिबल. दर क्लेमला पहिले शंभर डॉलर तुमचे, असा प्रकार. पाय मुरगळला, डॉक्टरनं पट्टी बांधली, ऐंशी डॉलर झाले, तर ते तुमच्याच खिशातून. ते चालतं. विमा मोठ्या बिलासाठी घ्यायचा.

चौथी, दारू. दारूच्या अंमलाखाली झालेली इजा जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत अपवाद आहे. अठरा होल संपल्यावर बारमध्ये बसणं हा खेळाचाच भाग समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यानंतर बग्गी, म्हणजे कोर्सवरची छोटी गाडी (गोल्फ कार्ट), चालवायला घेऊ नये. थायलंडला किंवा गोव्याला भाड्याच्या स्कूटरवर फिरण्याची हौसही इथंच येते. लायसन्स आणि हेल्मेट नसेल तर क्लेम विसरा.

४. चेंडू दुसऱ्याला लागला तर

नवीन माणूस या भागाकडं ढुंकूनही बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोल्फचा चेंडू नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. ड्रायव्हरनं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबनं, मारलेला हा चेंडू शेजारच्या फेअरवेवरच्या (खेळायच्या हिरवळीच्या पट्ट्यावरच्या) माणसाच्या डोळ्याला लागला तर काय होतं, याची कल्पना करा. 'सांभाळा' या अर्थानं "फोर!" म्हणून ओरडणं हा शिष्टाचार आहे आणि न ओरडणं हा निष्काळजीपणाचा पुरावा ठरू शकतो. परदेशात नुकसानभरपाईचा दावा झाला तर वकिलाची फी आणि भरपाई मिळून तुमच्या सगळ्या सहलीच्या खर्चाच्या कैक पट जाऊ शकतं.

यासाठी प्रवास विम्यात 'पर्सनल लायबिलिटी' (दुसऱ्याच्या नुकसानीची तुमच्यावर येणारी जबाबदारी) नावाचा भाग असतो. तो आहे का, किती डॉलरचा, एवढं बघून थांबू नका. त्याचे अपवाद वाचा, कारण गोल्फरला तिथंच गाठतात.

एक: अनेक पॉलिसींत कुटुंबीय आणि सहप्रवासी यांना झालेली इजा या भागात धरत नाहीत. आता चौकडीतला चेंडू सगळ्यात आधी कुणाला लागायची शक्यता? पुढं चालणाऱ्या आपल्याच मित्राला. म्हणजे चौघांचाही स्वतःचा वैद्यकीय आणि अपघात विमा असणं हाच खरा उपाय. "तुझ्यात माझं भागतंय" इथं चालत नाही.

दोन: कॅडी, म्हणजे तुमची बॅग घेऊन बरोबर चालणारा माणूस. तुमच्या नोकरीतल्या माणसाला झालेली इजा बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. कॅडी क्लबचा की तुमचा, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. कॅडी क्लबमार्फतच घ्या, पावती क्लबची घ्या.

तीन: बग्गी. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनामुळं झालेली इजा लायबिलिटीतून वगळणं ही विमा कंपन्यांची जुनी सवय आहे. गोल्फ कार्ट त्यात येतं का? काही पॉलिसी 'गोल्फ बग्गी सोडून' असं स्पष्ट लिहितात, बऱ्याच काहीच लिहीत नाहीत. न लिहिणं म्हणजे वादाला जागा. शिवाय बग्गी घेताना काउंटरवर जो कागद सही करून घेतात त्यात 'नुकसान झाल्यास मी भरीन' असं असतं. अशी करारानं अंगावर घेतलेली जबाबदारी आणि तुमच्या ताब्यातल्या भाड्याच्या वस्तूचं नुकसान, दोन्ही लायबिलिटीत सहसा बसत नाहीत. भाड्याचा सेट मोडला तरी तोच न्याय.

चार: अपघात झालाच तर मदत करा, डॉक्टर बोलवा, पण "चूक माझीच, सगळं मी देतो" असं कबूल करू नका किंवा जागेवर पैसे देऊन मिटवू नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर ती हात वर करू शकते. आपल्याकडची पद्धत वेगळी, माणूस आधी माफी मागतो आणि पाकीट काढतो. म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

५. सेटचा विमा

आता तुमच्या आवडीचा भाग. नियमानुसार एका फेरीत चौदापर्यंत क्लब नेता येतात. चांगला नवा सेट, बॅग, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), बूट धरले तर दोन-तीन लाखांची किंमत सहज होते. आणि हे सगळं तुम्ही एका लांबट पिशवीत घालून सामानाच्या पट्ट्यावर सोडून देता. हातातल्या सामानात क्लब नेऊ देत नाहीत, पटर, म्हणजे जवळून चेंडू ढकलायचा क्लबसुद्धा नाही.

लोकांना वाटतं प्रवास विम्यात 'बॅगेज लॉस' आहे, म्हणजे सेट सुरक्षित. आकडे मांडून बघू. समजा बॅगेजचं कव्हर १,००० डॉलर आहे. अनेक भारतीय पॉलिसींत अशी अट असते की एकाहून जास्त बॅगा दिल्या असतील आणि त्यातली एक हरवली तर निम्मीच रक्कम मिळेल, आणि बॅगेतल्या कुठल्याही एका वस्तूला एकूण रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. कपड्यांची बॅग आली, गोल्फची गेली. वरची मर्यादा झाली ५०० डॉलर. त्यातल्या पन्नास हजारांच्या ड्रायव्हरला मिळाले फार तर १०० डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. आणि अख्खा सेट ही 'एक वस्तू' धरली तर? मग सगळ्या सेटचेच १०० डॉलर. सेट म्हणजे एक वस्तू की चौदा, हा प्रश्न घेण्याआधी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवायचा आहे.

आणखी एक गोम अशी की हा भाग बहुधा चेक-इन केलेली बॅग पूर्ण हरवली तरच लागू होतो. क्लबची मान मोडली, पिशवी फाटली, आतून एकच क्लब गायब झाला, हॉटेलातून चोरी झाली, यांपैकी बरंच काही त्यात येत नाही. क्रीडासाहित्यच वगळणाऱ्या पॉलिसीही आहेत.

विमान कंपनीकडून काय मिळेल? आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या नुकसानभरपाईचा करार) लागू असेल तर सामानाची जबाबदारी दर प्रवाशी १,५१९ एसडीआरपर्यंत आहे; एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, त्याआधी ती १,२८८ होती. रुपयांत साधारण पावणेदोन लाखांच्या घरात जाते, पण ती कमाल आहे आणि माणशी आहे, बॅगेमागं नाही. नुकसान किती ते सिद्ध करणं तुमच्याकडं. चेक-इन करताना जादा किंमत जाहीर करून जादा शुल्क भरायची सोय करारात आहे, काउंटरवरच्या मुलीला ती माहीत असेलच असं नाही. देशांतर्गत विमानात ही मर्यादा बरीच कमी, माणशी वीस हजार रुपयांपर्यंत. म्हणजे बंगळूरला जाताना तुमचा सेट दुबईला जातानापेक्षा जास्त उघडा असतो.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत.

सेट न्यायचाच नाही. नवीन खेळाडूला मी हेच सुचवतो. थायलंड-दुबईच्या मोठ्या कोर्सवर बरे सेट भाड्यानं मिळतात. बूट, हातमोजे, चेंडू घेऊन जा. विम्याचा अर्धा डोकेदुखीचा भाग तिथंच संपतो.

सेटसाठी वेगळी पॉलिसी घ्यायची. काही सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं गोल्फरसाठी स्वतंत्र पॉलिसी असते. त्यात साहित्य, दुसऱ्याला झालेली इजा आणि होल-इन-वन एकत्र येतं. शाखेतल्या माणसाला ती पटकन आठवेलच असं नाही, विकास अधिकाऱ्याला गाठून विचारा. नाहीतर नेण्याजोग्या मौल्यवान वस्तूंसाठीची 'ऑल रिस्क' पद्धतीची पॉलिसी. दोन्हींत पहिला प्रश्न: फक्त भारतात की जगभर? दुसरा: घसारा किती कापणार? तिसरा: खेळताना क्लब मोडला तर?

तिसरी वाट म्हणजे प्रवास विम्यातच बॅगेजची जादा रक्कम किंवा क्रीडासाहित्याचं जोडकव्हर घेणं. मिळत असेल तर घ्या, पण वरचं दहा टक्क्यांचं गणित त्यालाही लावून बघा.

कुठलीही वाट घ्या, बिल लागतं. कोल्हापुरात अडतं ते इथंच. सेट दुबईहून मेहुण्यानं आणलेला, किंवा पुण्यातल्या कुणा मेंबरकडून जुना घेतलेला, बिलाचा पत्ता नाही. अशा वेळी निदान प्रत्येक क्लबचा मेक, मॉडेल आणि असेल तिथं सीरियल नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवा, ऑनलाइन पैसे दिले असतील तर बँकेची नोंद काढा, आणि पॉलिसी घेतानाच कंपनीला विचारा की मूल्यांकन कशावरून मान्य करणार.

आपल्या रस्त्यांचं काय

उजळाईवाडीहून उडणारी बरीचशी विमानं लहान असतात. लांब बॅग असेल तर तिकीट काढताना विमान कंपनीला कळवून ठेवा. पण बहुतेक लोक मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या विमानतळापर्यंत गाडीनंच जातात. परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसी तुम्ही भारताबाहेर पडल्यापासून सुरू होतात. म्हणजे कोल्हापूर ते मुंबई हा पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता कव्हरबाहेर. कराडच्या पुढं मिसळ खायला थांबलात आणि डिकीतून सेट गेला, तर प्रवास विमा काही देणार नाही, मोटारीचा विमाही आतल्या सामानाचा नसतो. वेगळी ऑल रिस्क पॉलिसी असली तरी बिनराखणीच्या गाडीतल्या चोरीला तिच्यात अटी असतात: गाडी लॉक, सामान बाहेरून न दिसणारं, काच फोडल्याची खूण. एकानं गाडीजवळ बसावं. मिसळ पार्सल मिळते.

इलेक्ट्रिक ट्रॉली नेत असाल तर तिची लिथियम बॅटरी सुटी काढून हातातल्या सामानात न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी, त्यापुढं प्रवासी विमानात नाहीच.

६. सहल रद्द झाली, उशीर झाला

आगाऊ भरलेली ग्रीन फी, हॉटेल, तिकिटं यासाठी 'ट्रिप कॅन्सलेशन' असतं. पण ते 'कुठल्याही कारणानं' नसतं. कारणांची यादी ठरलेली: स्वतःचं किंवा जवळच्या नात्यातल्या माणसाचं गंभीर आजारपण, मृत्यू, असं काही. कारखान्यात ऑर्डर आली, भाच्याच्या लग्नाची तारीख बदलली, जोडीदार मागं हटला, ही कारणं त्यात नाहीत. चौकडीतला एक आजारी पडला तर उरलेल्या तिघांना पैसे मिळतील का, हे 'सहप्रवासी' या शब्दाची व्याख्या कशी केलीय यावर ठरतं. सगळ्यांनी एकाच कंपनीची पॉलिसी घ्यावी आणि बुकिंगवर चौघांची नावं एकत्र असावीत, म्हणजे निदान बोलायला जागा राहते. ग्रीन फी 'प्रवास खर्चा'त धरली जाते का तेही विचारा. काही पॉलिसी फक्त तिकीट आणि मुक्काम धरतात. पावसानं कोर्स बंद झाला तर पैसे, हे आपल्याकडच्या पॉलिसींत सहसा मिळत नाही. त्यापेक्षा कोर्सकडूनच पुढच्या तारखेची चिठ्ठी मिळते का बघावं.

जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांसाठी एक खास सूचना. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. अशा वेळी मुंबईचं विमान चुकलं तर? 'मिस्ड कनेक्शन' म्हणजे आधीच्या विमानाच्या उशिरामुळं पुढचं चुकणं. रस्ता बंद झाल्यामुळं पहिलंच विमान चुकणं त्यात बसत नाही. त्यासाठी 'मिस्ड डिपार्चर' असा वेगळा भाग लागतो आणि त्यातही कारणं वाचावी लागतात. शिवाय आधीच माहीत झालेल्या संकटावर विमा मिळत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्यानं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, टीव्हीवर बातमी आली, आणि मग पॉलिसी काढली, तर कंपनी काय म्हणेल ते सांगायला नको. तिकीट काढल्याच्या आठवड्यातच पॉलिसी काढा आणि पावसाळ्यात एक दिवस आधी घाट उतरा.

बॅग उशिरा आली तर मिळणारं कव्हर काही ठरावीक तासांनंतर, बऱ्याचदा बारा तासांनंतर, सुरू होतं आणि 'अत्यावश्यक वस्तूं'पुरतं असतं. टूथब्रश आणि शर्ट अत्यावश्यक. भाड्याचा सेट अत्यावश्यक आहे हे विमा कंपनीला पटवणं अवघड. परतीच्या प्रवासात बॅग उशिरा आली तर सहसा काहीच नाही.

७. होल-इन-वन

असतं. काही भारतीय प्रवास पॉलिसींतही असतं. हौशी खेळाडूला एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालायची शक्यता साडेबारा हजारांत एक अशी सर्रास सांगितली जाते, त्यामुळं कंपनीला हे देणं परवडतं. कव्हर भारताबाहेर, मान्यताप्राप्त कोर्सवर, पूर्ण फेरी खेळताना, साक्षीदार आणि क्लबचं प्रमाणपत्र, आणि पार्टीचं बिल, अशा अटी असतात. सरावाच्या रेंजवरचं चालत नाही. घरी येऊन मित्रांना घातलेल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं बिलही चालणार नाही. फुकट मिळत असेल तर असू द्या, यासाठी एक रुपया जादा देऊ नका.

८. घेताना

एजंट किंवा ॲप, कुठूनही घ्या, पण माहितीपत्रक नव्हे तर पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा. त्यात आधी 'अपवाद' वाचा, मग 'व्याख्या', मग फायद्यांचा तक्ता. "सगळं कव्हर हाय, साहेब" हे उत्तर नव्हे. प्रश्न ईमेलवर पाठवा आणि उत्तर कंपनीच्या पत्त्यावरून आलेलं असू द्या:

- सेट ही एक वस्तू की अनेक? एका वस्तूची मर्यादा किती?
- गोल्फ बग्गी चालवताना झालेली इजा लायबिलिटीत येते का?
- सहप्रवाशाला चेंडू लागला तर?
- आधीच्या आजारांसाठी किती रक्कम, कुठल्या प्रसंगी?
- हौशी स्पर्धा चालते का?
- परदेशात फोन कुणाला करायचा, आणि रुग्णालयाला पैसे थेट देणार की आधी आम्ही भरायचे?

क्रेडिट कार्डावरचा फुकट विमा असतो, पण तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असणं वगैरे अटी असतात आणि वैद्यकीय रक्कम तुटपुंजी असू शकते. तो जोडीला ठेवा, आधाराला नको. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. कोल्हापुरात वडिलांचं नाव मधे घालायची सवय आहे आणि कागदावर दोन वेगळी माणसं तयार होतात.

९. क्लेमची वेळ आली तर

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा कागद, घ्या. माँट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची, सामान मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. घरी येऊन आठवड्यानं बॅग उघडणारे इथं हुकतात. चोरी असेल तर तिथल्या पोलिसांचा अहवाल, शक्यतो चोवीस तासांत. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन, मग बाकीचं; फारच आणीबाणी असेल तर सोबत्यानं फोन करावा. कागद इंग्रजीत मागून घ्या, थाई भाषेतला डिस्चार्ज पेपर इथं कुणाला वाचता येत नाही. बोर्डिंग पास टाकू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी जा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, १५५२५५ या क्रमांकावरही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथं चालतात, फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. अर्जासोबत ती ईमेलवरची प्रश्नोत्तरं जोडा.